मायेने वापरलेला कूलर

भाव करण्यात माझा हात धरणारं जळगावात कुणी नाही, असं माझं प्रामाणिक मत होतं. फुले मार्केटातल्या काही दुकानदारांचंही तेच असावं, कारण मी लांबून दिसले की ते एकदम हिशेबाच्या वहीत डोकं खुपसतात. मी साडीचा भाव कधी धाडकन पाडून मागत नाही. आधी रंगाला नाव ठेवते, मग काठाला, मग पुढच्या गल्लीत हीच साडी कितीला लावलीय ते सांगते आणि शेवटी उठून चपला शोधायला लागते. चपला सावकाश शोधाव्या लागतात. पटकन सापडल्या तर पायऱ्या उतरून जावंच लागतं, आणि साडी तर हवीच असते. हे शिक्षण मला माहेरी धुळ्याला आग्रा रोडवर मिळालं, आईच्या मागे पिशवी धरून. पुढे एम. ए. वगैरे झालं, पण खरी पदवी तीच.

सराफाकडे मात्र मी गरीब गाय असते. जळगावात राहून सोन्याच्या भावाला हात लावायचा नसतो, तो फळ्यावर लिहिलेला. तिथे आपला सगळा जोर मजुरीवर.

विकणारीच्या जागी मी कधी उभी राहिले नव्हते. घरात एसी आला, जुना कूलर बाल्कनीत गेला आणि ती वेळ आली. "ॲपवर टाक ना," नवरा म्हणाला. "फोटो टाक, किंमत टाक, दोन ओळी लिही."

दोन ओळी! जन्मभर पोरांना निबंध शिकवणाऱ्या बाईला दोन ओळी! मी अर्धी संध्याकाळ बसले आणि लिहिलं : "जळगावच्या मे महिन्याला खिडकीत उभं राहून तोंड देणारा, आमच्या कित्येक दुपारींना झोप देणारा, मायेने वापरलेला कूलर योग्य घरी देणे आहे." त्यापुढे ओल्या गवताचा वास, मध्यरात्री टाकीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज असे आणखी दोन परिच्छेद होते. किंमत लावली ६,००० रुपये. नवऱ्याने जाहिरात वाचली आणि "भंगारवाला आठशे म्हणत होता," एवढीच समीक्षा केली.

पहिला निरोप आला तो असा : "लास्ट?"

मी लिहिलं, "नमस्कार. आपण जाहिरात पूर्ण वाचलीत का?"

"मोटर चालू?"

"हो. कूलर अतिशय मायेने वापरलेला आहे."

"माया नको ताई. मोटर सांगा."

मोटर सांगितली. त्यावर उत्तर आलं : "१५००".

पुढे ना रुपये, ना पूर्णविराम, ना 'देता का'. नुसता आकडा, आणि त्याच्याखाली वेळ. रात्रीचे अकरा चाळीस. मी उठून बाल्कनीत गेले आणि त्या अंधारात कूलरच्या पाठीवरून हात फिरवून आले. आदल्याच आठवड्यात मीच त्याला 'ते धूड' म्हणाले होते.

या रोगाला शास्त्रात जागा आहे, हे मला मागाहून कळलं. डॅनियल काहनेमन, रिचर्ड थेलर आणि त्यांचा एक सहकारी यांनी १९९० साली एक प्रयोग छापला. वर्गातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना कॉफीचे साधे मग वाटले आणि विचारलं, कितीला विकाल? उरलेल्यांना विचारलं, कितीला घ्याल? मग हातात येऊन काही मिनिटंच झालेली, तरी विकणाऱ्यांनी घेणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त किंमत सांगितली. दोघांनाही पुढे नोबेल मिळालं, काहनेमनना २००२ मध्ये आणि थेलरना २०१७ मध्ये. मला वाटतं, फुले मार्केटात एक दुपार बसले असते तर हे काम आणखी लवकर आटोपलं असतं. मगाला काही मिनिटांत एवढी माया चिकटते, तर कूलरला किती चिकटत असेल? माझे सहा हजार मला अगदीच माफक वाटायला लागले.

पण नोबेल समितीचं ॲपवर कुणी ऐकत नाही. रोज नवीन आकडे. एकाने बदल्यात जुना मोबाइल आणि वर हेल्मेट देऊ केलं. एकाला कूलर नकोच होता, तो फक्त "एवढ्यात नवा येतो" हे कळवायला आला होता, आणि कळवून झाल्यावर माझ्या प्रत्येक उत्तराला अंगठा दाखवत राहिला. ठाण्याच्या एका बाईंनी पार्सलने पाठवाल का विचारलं. त्यांना मी सविस्तर समजावलं, की बाई, पाणी उडून जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं, त्यासाठी हवा कोरडी लागते. आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो पण हवा खडखडीत, म्हणून कूलर चालतो. तुमच्या घामट हवेत तो घरात नुसता दमटपणा वाढवेल. त्यांनी शांतपणे विचारलं, "मग कमी कराल ना?" आणि एक भाऊ होते, ते रोज "आत्ता येतो" म्हणायचे. प्रोफाइलवर वाघाचं चित्र. मी घर आवरायचे, चहाचं आधण ठेवायचे. वाघ काही आला नाही.

मला राग नेमका कशाचा यायचा, यावर मी बराच विचार केला. भाव पाडून मागण्याचा नाही. ते मी स्वतः रोज करते. राग यायचा तो त्या उघड्या आकड्याचा. आणि इथे मला माझ्या आजोबांकडे जाणं भाग आहे. ज्यांना कूलरचं पुढे काय झालं एवढंच हवंय, त्यांनी दोन-तीन परिच्छेद सोडून द्यावेत.

आईचे वडील शिरपूर तालुक्यातले. शेती बेताची आणि घोड्यांचा नाद मोठा. दत्तजयंतीला सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते, तापीकाठी घोड्यांचा बाजार लागतो, तिथे ते गेले नाहीत असं वर्ष नसे. घोडा घ्यायची ऐपत नव्हतीच. घ्यायचा असायचा बैल किंवा काहीच नाही, पण भाव सगळ्या घोड्यांचे काढून यायचे. (सारंगखेडं तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. १९९८ साली १ जुलैला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि माहेरची एवढी मोठी फुशारकी सरकारने एका आदेशात काढून घेतली. मी अजून 'आमच्या धुळ्याचा घोडेबाजार' असंच म्हणते.)

तर तिथला भाव तोंडाने होत नसे. विकणारा, घेणारा, मध्ये दलाल. उपरणं नाही तर रुमाल हातांवर टाकायचा आणि खाली बोटं बोलायची. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, अख्खा पंजा धरला की पाच. त्यापुढची शून्यं बोटांत नसायची, ती समोरच्या जनावराकडे बघून लावायची. चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेल्या पंचकल्याणी घोड्याचं एक बोट आणि दात झिजलेल्या बैलाचं एक बोट यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याने रुमालाखाली हात घालूच नये. आणि वर काय चाललेलं असायचं? वर दोघं बोलत असायचे पावसाबद्दल, पाहुण्यांबद्दल, कुणाच्या तरी गुडघ्यांबद्दल. चेहऱ्यावर रेष हलायची नाही. भोवती गर्दी उभी, आणि गर्दीला दिसायचं ते एवढंच की कापड हलतंय.

सुट्टीत आजोबा ओट्यावर बसून मला हे शिकवायचे. पंचा आमच्या हातांवर टाकायचे. त्यांच्या तर्जनीचं मधलं पेर कासरा धरून धरून गुळगुळीत झालेलं होतं, त्यावरून अंधारातही ते बोट ओळखू यायचं. ते माझी तीन बोटं दाबायचे आणि मी आनंदाने ओरडायची, "तीनशे!" की आजोबा हात काढून घ्यायचे. सौदा तुटला. तोंडाने बोललं की सौदा तुटतो. मग पुन्हा पहिल्यापासून. नकार कसा द्यायचा, हे त्यांनी सगळ्यांत शेवटी शिकवलं : समोरच्याची बोटं झटकायची नाहीत, अलगद सोडायची आणि लगेच आपला आकडा धरायचा. म्हणजे त्याला 'नाही' ऐकूच येत नाही, पुढचा भाव तेवढा लागतो. कुणी निम्म्याने मागितलं तरी ते त्या दोन हातांतच राहायचं. माणूस बाजारात ताठ मानेने फिरायचा, कारण त्याच्या बैलाला कुणी कितीला मागितलं हे तिसऱ्याला ठाऊक नसे. जमलं की रुमाल उडायचा, इसाराचे पैसे हातावर पडायचे आणि मग दोघं चहाला.

आता मला सांगा, यानंतर रात्री अकरा चाळीसला "१५००" हे वाचायचं म्हणजे काय?

एवढं लिहून मी खूश होते. रुमालाचं हे गोड वर्णन मी एकदा वर्गातही करून दाखवलं, एका विद्यार्थिनीची बोटं ओढणीखाली धरून. तास संपल्यावर मागच्या बाकावरची चोपडा तालुक्यातली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पण शेतकऱ्याचा हात रुमालात कुठे असायचा?"

मी गप्प झाले. कारण ती म्हणत होती ते खरं आहे. घोड्याच्या बाजारात मालक स्वतः हात घालायचा. कापसाच्या आणि धान्याच्या बाजारात रुमालाखाली हात असायचे ते अडत्याचा आणि व्यापाऱ्याचा. ज्याचा माल, तो बाहेर गाडीजवळ उभा. भाव काय ठरला ते त्याला मागाहून कळायचं, आणि जे कळायचं तेच ठरलं होतं का, हे तपासायला जागा नव्हती. या गुपचूप सौद्यांवर १९२८च्या शाही कृषी आयोगानेही बोट ठेवलं होतं. वऱ्हाडात कारंज्याला १८८६ सालीच नियंत्रित बाजार सुरू झाला होता, मुंबई इलाख्यात कापसाच्या बाजारांसाठी १९२७ साली कायदा झाला, राज्यात १९६३चा बाजार समित्यांचा कायदा आला. उघडा लिलाव आला आणि रुमाल बाद झाला तो यासाठी. माझ्या आजोबांची अब्रू ज्या कापडाने झाकली, त्याच कापडाने दुसऱ्या कुणाचा खिसा कापला गेला.

त्या मुलीच्या घरी त्या वर्षी कापूस होता. म्हणजे शब्दशः घरी : पुढच्या खोलीत छतापर्यंत. भाव वाढेल म्हणून बापाने ठेवला होता. कापसात राहून सगळ्यांच्या अंगाला खाज सुटलेली, तिच्या हातांवर नखांच्या लाल रेघा होत्या. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, पण सरकारी खरेदीत ओल बारा टक्क्यांवर गेली की माल परत. आणि खेडा खरेदीला दारात आलेला व्यापारी मूठभर कापूस हातात दाबून "ओल आहे", "कवडी आहे" म्हणत खाली येतो. तो आकडा उघडा असतो, कुणी लपवत नाही. पण 'नाही' म्हणायला घरात एक खोली रिकामी लागते आणि पोरांची कातडी जाड लागते. रावेर-यावलच्या केळीवाल्याकडे तर तेही नाही. घड कापणीला आला की तो कुणाच्या उत्तराची वाट बघत थांबत नाही. मला ॲपवर 'नाही, धन्यवाद' असं आयतं बटण होतं आणि मी कूलरच्या मानापमानावर रात्री जागवत होते.

असो. कूलर.

एके दिवशी दुपारी निरोप आला : "नमस्कार मॅडम. आपली जाहिरात वाचली. फार सुंदर लिहिली आहे. किंमत मान्य आहे. कमी करायची गरज नाही."

मी तो दोनदा वाचला. मग नवऱ्याला वाचून दाखवला. मग स्वयंपाकाच्या मावशींना. पुढे त्याने लिहिलं, की तो सैन्यात आहे, बदली होऊन जळगावला येतोय, घरच्यांसाठी कूलर हवाय, स्वतः येऊ शकत नाही, पैसे आत्ताच पाठवतो. आणि पाठोपाठ एक क्यूआर कोड. "हा स्कॅन करा मॅडम, पिन टाका, सहा हजार जमा होतील."

आता, पैसे घेताना पिन लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो, हे मी स्वतः स्टाफरूममध्ये सगळ्यांना बजावून सांगत असते. सैनिकाच्या नावाने चालणारी ही लबाडी जुनी आहे, १९३० हा तक्रारीचा नंबरही मला पाठ आहे. तो ठग आहे हे मला क्यूआर कोड उघडायच्या आधीच कळलं. पण इतक्या दिवसांत माझी जाहिरात वाचलेला तो एकमेव माणूस होता. मला राहवेना. मी लिहिलं, "धन्यवाद. आपल्याला नेमकं कोणतं वाक्य आवडलं?"

बराच वेळ 'टाइप करत आहे' असं दिसत राहिलं. मग बंद झालं. मी पुन्हा लिहिलं, "पहिला परिच्छेद, की पाण्याच्या आवाजाचा?"

त्याने मला ब्लॉक केलं. भल्याभल्यांना लुबाडणारा माणूस, एका लेखिकेच्या प्रश्नाला टिकला नाही.

शेवटी कूलर गेला तो एका म्हातारीकडे. पिंप्राळ्याहून 'छोटा हत्ती' घेऊन आली, सोबत ड्रायव्हर. नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, बोटांच्या बेचक्यांत पीठ वाळलेलं. उन्हाळ्यात ऑर्डरीचे बिबडे आणि उडदाचे पापड करते, हाताखाली बायका आहेत. पंखा लावला की लाट्या वाळतात आणि पीठ उडतं, म्हणून तिला कूलर पाहिजे होता. त्याची हवा ओली. कूलरची इतकी नेमकी गरज सांगणारं गिऱ्हाईक मला तोवर भेटलं नव्हतं.

तिने भाव विचारलाच नाही. आजोबा बैलाचे दात पाहायचे तशी ती कूलरपुढे वाकली. टाकीच्या तळाला नखाने टोकरलं, नख गंजाने तांबडं झालेलं मला दाखवलं आणि काही न बोलता पदराला पुसलं. जाळीतून चिमूटभर गवत ओढून वास घेतला. मोटर लावायला सांगून कान टेकवला. मग खुर्चीत बसली, चहा घेतला आणि म्हणाली, "माहेर कोनतं वं?"

"धुळं."

"मंग तं तू मन्ही लेकच." आणि बशी खाली ठेवून, "बोल. कितलाले देस?"

मी म्हटलं सहा. ती हसली. मी म्हटलं, तुमच्यासाठी पाच. तिने तळाच्या गंजाबद्दल एक वाक्य बोललं, दुसरं गवताबद्दल, तिसरं पुढच्या गल्लीत कुणी कितीला दिला त्याबद्दल. आणि मग ती उठली, दाराशी गेली आणि चपला शोधायला लागली.

सावकाश. दाराबाहेर दोनच जोड होते, त्यातला एक माझा. तरी ती शोधत होती. मी दारात उभी राहून पाहत होते. इतकी वर्षं दुकानदार माझ्याकडे कोणत्या नजरेने बघत असतील, याचा विचार करत होते. आणि एवढं सगळं समजत असूनही माझ्या तोंडून निघालंच, "अहो आजी, थांबा ना!"

तीन हजारांत सौदा झाला, वर दोन किलो बिबडे. पैसे तिने कमरेच्या पिशवीतून काढून, थुंकी न लावता मोजून दिले. ड्रायव्हर आणि नवरा मिळून कूलर खाली नेत होते. मी म्हटलं, चला, एवढ्या लांबून आली आहे, विचारून तरी बघू. "आजी, जाहिरात वाचली होतीत का?"

"माले कोठे वाचता येस? नातूनी वाची." नातू नववीत. सगळी जाहिरात मोठ्याने वाचून दाखवली म्हणे, पाण्याच्या आवाजासकट. मी सुखावले. पुढे तिने सांगितलं, की वाचून झाल्यावर पोरगा म्हणाला, आजी, हाच घे. जी बाई कूलरवर इतकं लिहिते, ती भाव कमी करतेच.

इतका तल्लख वाचक मला उभ्या आयुष्यात लाभला नव्हता. आमच्या विभागात बी. ए.च्या वर्गाला पोरं जमवताना काय होतं ते आमचं आम्हाला माहीत. मी जिना उतरून गाडीपर्यंत गेले आणि म्हटलं, "आजी, त्याला सांगा, बारावी झाली की मराठी घे. माझ्याकडे पाठवा."

तिने गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवला, वळून माझ्याकडे पाहिलं. "मराठीले आते काय भाव शे?"

"निगोशिएबल आहे," मी म्हटलं.